पाचवा प्रश्न कधी विचारणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे एड्स दिनाच्या सुमारास आपल्या आरोग्याच्या पानावर एक लेख आला होता, त्यात लिहिलं होतं की आता एचआयव्ही म्हणजे शुगर-बीपीसारखाच झालाय, रोज एक गोळी नीट घेतली की माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. लेख चांगला होता. मी तो कापून ठेवला आणि आमच्या पॉझिटिव्ह बायकांच्या गटात वाचून दाखवला. वाचून झालं तर कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "ताई, मग ती का गेली?" आणि सगळ्या गप्प झाल्या. मला पण काही बोलता आलं नाही. त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

ती म्हणजे आमची मैत्रीण. नाव लिहीत नाही, तिच्या मुलीचं लग्न व्हायचंय. १९ वर्षं गोळी चालू होती, एक दिवस चुकवली नाही, शेताला जाताना डबी पदरात बांधून न्यायची, व्हायरल लोड दर वेळी टीएनडी म्हणजे रक्तात विषाणू सापडतच नाही इतका कमी. एचआयव्हीने तिचं काही बिघडवलं नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. ती गेली गर्भाच्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने, ४६ व्या वर्षी, गेल्या दिवाळीच्या आधी. दीड वर्ष तिला अंगावरून पांढरं जात होतं, नंतर मधेच लाल पण जायला लागलं, पण ती बोलली नाही. का बोलली नाही तर पॉझिटिव्ह बाईने अंगावरून जातंय म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यात काय येतं ते आम्हाला माहितीये.

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. नवरा मुंबईला गोडाऊनवर हमाली करायचा, २००३ मधे गेला, तेव्हा सरकारी गोळ्या नव्हत्याच, त्या सुरू झाल्या १ एप्रिल २००४ ला. वर्षभराचाच फरक पडला. माझी गोळी २००६ ला सुरू झाली तेव्हा माझे सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्ती मोजायच्या पेशी, ८६ होते. तेव्हा नियमच तसा होता, सीडीफोर २०० च्या खाली जाईपर्यंत किंवा माणूस आजारी पडेपर्यंत थांबायचं. आता २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच गोळी सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. २०१५ मधे स्टार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला होता, ३५ देशातले ४,६८५ लोक होते त्यात, ज्यांनी लगेच गोळी सुरू केली त्यांच्यात कॅन्सर झाले १४ जणांना आणि जे थांबले त्यांच्यात ३९. म्हणजे गोळी कॅन्सरपासून पण वाचवते, पण पूर्ण नाही, आणि आमच्या काळच्या बायकांनी तर कित्येक वर्षं प्रतिकारशक्ती तळाला गेलेली काढलीयेत, तेवढ्या वर्षांत शरीरात जे काय बसायचं ते बसलंय.

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, गोळीला गेलं की दर वेळी चार प्रश्न विचारतात. खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झालं का, रात्री घाम येतो का. टीबी लवकर सापडावा म्हणून हे चार प्रश्न आहेत आणि त्याने खूप जीव वाचलेत, आमच्या गटातल्याच दोघी वाचल्यात, म्हणून त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण १९ वर्षांत माझ्या मैत्रिणीला पाचवा प्रश्न कुणीच विचारला नाही, बाई, अंगावरून काही जातंय का, खालची तपासणी कधी केलीस का. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, कारण सेंटरवरच्या सिस्टरजवळ ती सगळं बोलायची, सुनेशी काय वाजलं तेसुद्धा.

आता हे असं का होतं ते मला जसं कळलंय तसं सांगते. एचआयव्ही स्वतः कॅन्सर करतो असं नाही. तो शरीराचा पहारा ढिला करतो आणि मग बाकीचे विषाणू, जे एरवी दबून राहिले असते, ते मोकळे सुटतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो, आणि हा विषाणू काही वाईट चालीच्या बाईलाच होतो असं अजिबात नाही, संसार करणाऱ्या बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, कळत पण नाही, वर्षा-दोन वर्षांत शरीर त्याला बाहेर काढतं. आमचं शरीर त्याला लवकर काढू शकत नाही, तो ठाण मांडून बसतो, मग तिथल्या पेशी बदलत जातात. दुसऱ्या बाईला यातून कॅन्सर व्हायला १५-२० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती पडलेली असली तर ५-१० वर्षांत पण होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पॉझिटिव्ह बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सहापट आहे. अमेरिकेत १९९३ पासूनच हा कॅन्सर एड्सच्या आजारांच्या यादीत आहे. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ हे माहितीये.

जगाला एड्स पहिल्यांदा दिसला त्यातही एक कॅन्सर होताच. १९८१ मधे न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तरुण पुरुषांच्या अंगावर जांभळे डाग यायला लागले, तो कापोसी सार्कोमा, एरवी म्हाताऱ्या माणसांचा कॅन्सर. आफ्रिकेत तो खूप आहे. आपल्याकडे फार क्वचित दिसतो कारण त्याच्या मुळाशी जो विषाणू लागतो तोच आपल्या लोकात कमी आहे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तिकडची पुस्तकं वाचून एचआयव्हीचा कॅन्सर म्हणजे अंगावर डाग असं कुणी समजून बसलं तर आपल्याकडचा कॅन्सर हातून सुटेल. आपल्याकडे बायकांमधे पिशवीचं तोंड, आणि बायका-पुरुष दोघांमधे लिम्फोमा म्हणजे गाठींचा कॅन्सर, हे बघायला पाहिजेत. तोंडाचा कॅन्सर तर आहेच, तंबाखू आणि मिश्री आमच्या गावात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघत नाही, पण पहारा ढिला असलेल्याला ती जास्त महागात पडते. आमच्या गटात मी मिश्री सोडा म्हणून सांगते तर म्हणतात, ताई एवढं एकच सुख राहिलंय. सोडवता येत नाही मला, वाईट वाटतं.

गाठींच्या कॅन्सरचं वेगळंच दुखणं आहे. गळ्यात गाठ आली, ताप आला, वजन उतरलं, रात्री घाम सुटला की आपल्याकडे पहिला टीबीच मनात येतो, आणि बऱ्याचदा तो टीबीच असतो म्हणून डॉक्टरचं चुकतं असं नाही. पण लिम्फोमाची लक्षणं हुबेहूब हीच आहेत. आमच्या ओळखीतला एक मुलगा, २८ वर्षांचा, जन्मापासून पॉझिटिव्ह, त्याला गाठीचा तुकडा न तपासताच टीबीचं औषध सुरू केलं, सहा महिने घेतलं, गाठ वाढत गेली, मग म्हणे औषध लागू पडत नाही म्हणून पुढचं औषध, आणि शेवटी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला तेव्हा लिम्फोमा निघाला. तोपर्यंत पोटात पसरला होता. माझं म्हणणं एवढंच की औषध सुरू करून महिना-दोन महिन्यात गाठ बसायला लागली नाही तर बायॉप्सी मागून घ्या. सुईने काढलेल्या पाण्यावर भागत नाही, तुकडा लागतो. हे प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला आणि त्याच्या घरच्यांना पाठ पाहिजे.

पुरुषांबद्दल पण लिहिते, कारण त्यांचं कुणी लिहितच नाही. तोच एचपीव्ही विषाणू संडासच्या जागेचा कॅन्सर करतो, आणि पॉझिटिव्ह पुरुषांमधे, त्यातून जे पुरुषांबरोबर संबंध ठेवतात त्यांच्यात आणि तृतीयपंथी लोकात, त्याचा धोका खूपच जास्त आहे. तिथून रक्त गेलं की सगळे मूळव्याध म्हणतात, गावठी औषध लावतात, रस्त्याकडेच्या तंबूत जाऊन कापून घेतात. २०२२ मधे अमेरिकेतल्या अँकर नावाच्या अभ्यासाने दाखवलं की तिथल्या बदललेल्या पेशी आधीच शोधून काढून टाकल्या तर कॅन्सर निम्म्याहून कमी होतो. पण त्यासाठी आधी माणसाला बोलता आलं पाहिजे, मी बाई असून अंगावरचं बोलायला वीस वर्षं लागली तर त्यांनी कुणाजवळ बोलायचं? निदान डॉक्टरांनी बोट घालून तरी तपासावं, नुसतं ऐकून मूळव्याधीचं मलम लिहून देऊ नये.

लिव्हरचं पण आहे. बऱ्याच जणांना एचआयव्हीबरोबर कावीळ बी असते आणि त्यातून पुढे लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. आपल्या गोळीत टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन आहे ते कावीळ बी लाही दाबून ठेवतं, म्हणून कुणी बाबा-बुवाच्या नादाने गोळी बंद करत असेल तर त्याला सांगा की एचआयव्ही तर उसळेलच, लिव्हर पण जाईल.

आता माझंच सांगते. मला २०१२ साली पुण्याला एका संस्थेच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे एका सिस्टरने आतमधे व्हिनेगरचं पातळ पाणी लावलं, मिनिटभर थांबल्या, आणि म्हणाल्या इथे पांढरा डाग उठलाय बघा. बस. एवढीच तपासणी. सुई नाही, भूल नाही, ३-५ टक्क्याचं व्हिनेगर आणि एक बॅटरी. त्याच दिवशी गरम प्रोबने ती जागा शेकली, पाळीच्या कळेसारखी कळ आली, अर्ध्या तासात उठून बाहेर येऊन चहा प्याले. माझी कॅन्सरच्या आधीची पायरी होती. त्या दिवशी गेले नसते तर मैत्रिणीच्या आधी माझा नंबर होता, हे मला रोज आठवतं. आम्ही दोघी एकाच आठवड्यात गोळीला लागलेल्या, मला गाडीत जागा मिळाली आणि तिचा त्या दिवशी खुरपणीचा वायदा होता म्हणून ती आली नाही. पुढच्या वेळी जाऊ म्हणाली. एकदा शेकलं की संपलं असंही नाही, आमच्यात परत उद्भवायची शक्यता जास्त, म्हणून वर्षाने पुन्हा दाखवावं लागतं, मी दाखवते. आणि पिशवी काढून टाकली म्हणजे सुटलो असं ज्या समजतात त्यांना पण सांगायचंय, आपल्याकडे बायकांच्या पिशव्या किती सहज काढतात ते बीडच्या ऊसतोड बायकांच्या प्रकरणात २०१९ ला सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय, तर पिशवी कशासाठी काढली ते माहीत नसेल आणि आधी पेशी खराब निघाल्या असतील तर योनीच्या वरच्या टोकाची तपासणी चालूच ठेवावी लागते.

या व्हिनेगरचं आणि एचपीव्ही टेस्टचं मोठं काम कुठे झालं असेल तर ते आपल्या महाराष्ट्रातच, याचं मला फार वाटतं. माझं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, तेव्हाचं उस्मानाबाद. १९९९ मधे तिथे बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने, टाटा हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेबरोबर एक अभ्यास सुरू केला. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीत पडदा लावून तपासणी. माझी मावशी गेली होती, तिला आधी वाटलं की नसबंदीचं काही आहे. आठ वर्षांनी निकाल बघितला तर एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरने मेल्या ३४ बायका, आणि ज्या गटाची तपासणीच केली नव्हती त्यात ६४. त्या तपासणी न झालेल्या गटावरून पुढे बराच वाद झाला, आणि मला विचाराल तर तो वाद रास्तच होता, त्या बायका पण कुणाच्या तरी मावश्याच होत्या. पण २००९ मधे हे सगळं छापून आलं आणि जगभरात तपासणीचे नियम ठरवताना त्याचा आधार घेतला गेला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या लोकांनी दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यात साध्या शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावलं तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पुण्यात प्रयास संस्थेने हजाराहून जास्त पॉझिटिव्ह बायकांची तपासणी करून दाखवली. म्हणजे कसं करायचं ते आम्हाला माहीत नाही असं म्हणायला कुणाला जागाच नाही.

आणि करता येतं. झांबिया आपल्यापेक्षा गरीब देश आहे, तिथे २००६ पासून एचआयव्हीच्या दवाखान्यातच शेजारच्या खोलीत नर्सबाई ही तपासणी करतात, फोटो काढून लांबच्या डॉक्टरला दाखवतात, डाग दिसला तर तिथेच उपचार. थोड्या वर्षांत लाखभर बायका तपासल्या. आपल्याकडे काय होतं, तर सेंटरवरची सिस्टर चांगल्या मनाने एक चिठ्ठी देते, जिल्ह्याला स्त्रीरोग विभागात जा म्हणून. ती चिठ्ठी घेऊन बाईने दुसरा दिवस मोडायचा, चारशे रुपये रोज बुडवायचा, परत ओळीत उभं राहायचं, आणि चिठ्ठीवर एआरटीचा शिक्का बघून काउंटरवरच्या माणसाने जोरात विचारायचं "कुठून आलात?" आणि मागच्या ओळीने ऐकायचं. अशा किती चिठ्ठ्या आमच्या बायकांच्या ट्रंकेत पडल्यात. माझ्या मैत्रिणीच्या पण ट्रंकेत एक निघाली, घडीसुद्धा मोडली नव्हती. म्हणजे कुणीतरी तिला पाठवलं होतं पण ती पोचली का हे परत कुणी विचारलं नाही.

तिचा कॅन्सर कळल्यावर काय झालं तेही लिहायला पाहिजे. एका शहरातल्या खाजगी दवाखान्यात आधी ऑपरेशनची तारीख दिली आणि रिपोर्ट बघितल्यावर मशीन बंद आहे म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले की तुमच्या पेशंटला किमो झेपायची नाही, एचआयव्ही आहे ना. तीन महिने असे गेले. किमो झेपत नाही हे खरं नाही. गोळी नीट चालू आहे, सीडीफोर चांगले आहेत, तर पॉझिटिव्ह माणसाला सगळ्यांसारखीच पूर्ण किमो, पूर्ण शेक म्हणजे रेडिएशन, ऑपरेशन सगळं देता येतं. काही जुन्या गोळ्यांनी रक्त कमी होतं, काही सेकंड लाइनच्या, म्हणजे पहिल्या लागू पडल्या नाहीत तर देतात त्या, गोळ्या किमोच्या काही औषधांबरोबर जमत नाहीत, तर गोळी बदलायची, त्यासाठी कॅन्सरच्या डॉक्टरने एआरटीच्या डॉक्टरला एक फोन करायचा. एचआयव्ही कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं बेकायदा आहे असं स्पष्ट आहे. आम्हाला तेव्हा कायदा माहीत होता, पण पेशंट विव्हळत असताना माणूस भांडत बसेल का दुसरं दार ठोठावेल? शेवटी एका सरकारी हॉस्पिटलने घेतलं, फार प्रेमाने केलं, जन आरोग्य योजनेत पैसे पण लागले नाहीत. पण तिसरी स्टेज ओलांडली होती.

तर माझं मागणं असं आहे. महाराष्ट्रात चार लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगतायत, देशात सगळ्यात जास्त आपल्याकडेच, त्यात बायका लाखाहून जास्त आहेत. या बायका कुणी शोधून आणायच्या नाहीयेत, त्या ठरलेल्या तारखेला स्वतःच्या पायाने गोळीला येतात, असा दुसरा कुठला आजार आहे ज्यात पेशंट इतका नेमाने दारात येतो? त्याच दारात आठवड्यातून एक दिवस पडदा लावा, एक टेबल, एक शिकवलेली सिस्टर ठेवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पॉझिटिव्ह बाईची तपासणी तिशीची वाट न बघता २५ पासून करा, दर तीन ते पाच वर्षांनी करा, आणि शक्यतो एचपीव्ही टेस्टने करा. एचपीव्हीचं सँपल बाई स्वतः आडोशाला जाऊन काठीने घेऊ शकते, कुणापुढे झोपायची पण गरज नाही, आमच्यातल्या निम्म्या बायका एवढ्याचसाठी तयार होतील. टीबीसाठी तालुक्याला जे ट्रूनॅट मशीन आहे, गोव्याच्या कंपनीचं, त्यावर चालणारी एचपीव्हीची टेस्ट पण आता निघालीये. लस पुण्याचीच आहे, सिरमची सर्व्हाव्हॅक, २०२३ ला आली, आमच्यातल्या पोरींना, जन्मापासून पॉझिटिव्ह असलेल्या, ती पहिली मिळायला पाहिजे, आणि त्यांना एका डोसवर भागवू नका, निदान दोन आणि जमलं तर तीन द्यावेत असं सांगितलेलं आहे. आणि गोळीच्या कार्डावर, जिथे वजन आणि टीबीचे चार प्रश्न लिहितात, तिथे अजून एक रकाना छापा, पिशवीच्या तोंडाची तपासणी, तारीख आणि निकाल, म्हणजे रिकामा रकाना दर वेळी डोळ्यासमोर येईल, सिस्टरच्या पण आणि बाईच्या पण.

तोवर ज्या बहिणी हे वाचतायत आणि ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी पुढच्या तारखेला स्वतःच तोंड उघडून विचारा, माझी तपासणी कधी करणार. पाळी सोडून मधेच लाल जातं, संबंधानंतर लाल जातं, पाळी गेल्यावर परत दिसलं, घाण वासाचं पाणी जातं, यातलं काहीही असलं तर तारखेची पण वाट बघू नका.

आमच्या गटात आम्ही १७ जणी आहोत. त्यातल्या सहा जणींची तपासणी झालीये, ११ जणींची एकदाही नाही. "मग ती का गेली" असं जिने विचारलं ती त्या ११ मधलीच. सोमवारी तिला आणि अजून दोघींना घेऊन जिल्ह्याला जातेय, बाकीच्या आठ जणींच्या हातात कांदा काढणी आहे, ती उरकली की त्यांना नेईन. माझ्या मैत्रिणीची ती चिठ्ठी मी माझ्या पिशवीत ठेवलीये.

आपली,
एक वाचक
(माझं नाव-गाव छापू नये ही विनंती, मुलं अजून शिकतायत.)